भांगाचा राखणदार

सर्व संबंधितांस, विशेषतः अरबी समुद्रास, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, भरती-ओहोटीचे काम पाहणारा मनुष्य रत्नागिरी मुक्कामी निवर्तला असून, यापुढे समुद्राने स्वतःच्या जबाबदारीवर वर-खाली व्हावे. खाडीतील खेकडे, कालवे व तिसऱ्या यांनी गोंधळून जाऊ नये. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत थेट चंद्राशी संपर्क साधावा. हुकमावरून.

मधू, हे मी तुझ्या तेराव्याचं जेवून आल्यावर दुकानात बसून लिहिलं. वर्तमानपत्रात द्यायचा विचार होता. तू असतास तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतास, "नाटक्या, हुकमावरून म्हणजे कोणाच्या? सही कोणाची?" तुला प्रत्येक गोष्टीखाली सही लागायची. म्हणून दिलं नाही. कागद झेरॉक्सच्या ट्रेमध्ये ठेवला आणि एका गिऱ्हाईकाचा सातबारा त्याच्या पाठीवर छापून गेला. तो माणूस दारातच थांबून वाचत राहिला आणि मग म्हणाला, "कोणी जवळचे होते काय?"

होतास ना. शाळेत आपण एकाच वर्गात होतो, पण मैत्री जमली ती माझ्या दुकानातल्या व्हायरसमुळे. माझी तिन्ही यंत्रं दर आठवड्याला आजारी पडायची. तू जयगडहून बंदराची कारकुनी आटपून संध्याकाळच्या बसने उतरायचास, रिकामा डबा माझ्या काउंटरवर ठेवायचास आणि यंत्रांकडे वैद्यासारखा बघायचास. एके दिवशी म्हणालास, "हे विंडोज सगळं पुसून टाक. लिनक्स घालतो." घातलंस. व्हायरस गेले, आणि त्यांच्या जागी रोज संध्याकाळी तू येऊन बसायला लागलास.

मग एकदा सहज सांगितलंस की फावल्या वेळात तू पॅकेज बनवतोस. मला वाटलं पार्सलचं काम. मी आतून चिकटपट्टीचं बंडल आणून तुझ्यापुढे ठेवलं. तू ते हातात घेऊन इतका वेळ हसलास की शिमग्याच्या नमन-खेळात मी जो विदूषकी संकासूर होतो, त्यालाही कधी एवढा हशा मिळाला नाही.

तुझे वडील बागेत आंब्याच्या पेट्या भरायचे. तू तीच भाषा वापरलीस. म्हणालास, "कोणीतरी लिनक्ससाठी प्रोग्रॅम लिहितो. झाड लावतो म्हण. फळ गोड असतं. पण झाडाखाली जाऊन खाणार किती जण? मी पेटी भरतो. ती कुठल्याही गावी, कुठल्याही यंत्रात उघडली तरी आतला आंबा शाबूत निघाला पाहिजे."

"आणि पेंढा?"

"पेंढा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना लागणारं सामाईक सामान. तो सगळ्यांचा एकच. प्रत्येकाने आपापला पेंढा कोंबला आणि एक दिवस त्यात कीड निघाली, तर हजार पेट्या उघडत बसायचं. म्हणून सगळ्या पेट्यांना एकाच खळ्यातला पेंढा. मात्र खळ्यातला पेंढा बदलला की काही पेट्यांतले आंबे हलायला लागतात. मग त्या पुन्हा भरायच्या."

"भरली की लगेच बाजारात?"

"छे! आधी आढीत. जगभरची माणसं दाबून बघतात, वास घेतात, नावं ठेवतात. पिकली असं सगळ्यांना पटलं की मग बाजारात. आणि प्रत्येक पेटीवर एका माणसाचं नाव असतं. काही बिघडलं की लोक त्याला पत्र लिहितात. त्या पत्राला बग म्हणतात."

"म्हणजे राखणदार!" मी ओरडलो. आपल्याकडे प्रत्येक वाडीच्या हद्दीवर एक राखणदार असतो. कोणाची गाय हरवली, कोणाला वाटेत चकवा लागला, की गाऱ्हाणं त्याच्यापुढे. "पण त्याला वर्षाला नारळ मिळतो. तुला काय मिळतं?"

"बग," तू म्हणालास, आणि तेही असं, जसं कोणी म्हणावं, पेढे.

सुनंदावहिनींना विचारलं असतं तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं. रविवारी जेवताना तुझा मोबाइल टुणकन वाजला की त्या भाताचा हात तसाच थांबवून म्हणायच्या, "आला! कोणाच्यातरी घरी काहीतरी मोडलं, आणि आमच्या घरचा भात निवला." तू ताटावरून उठायचास. मुंबईच्या पलीकडे कधी गेला नाहीस, पण कुठल्या तरी बर्फाळ गावातल्या माणसाचं यंत्र उघडत नाही म्हणून तुझी कढी गार व्हायची.

मधू, आता बुरोंडीची गोष्ट. ही मी शंभरदा सांगितली आहे, दर वेळी थोडी वाढवून. आज तुलाच सांगतोय, तेव्हा वाढवता येणार नाही.

बुरोंडीच्या पावसे मास्तरांनी भरतीची वेळ सांगणारा प्रोग्रॅम लिहून इंटरनेटवर ठेवला होता. आपले म्हातारे तिथीची पाऊणपट करून वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा. मास्तरांनी त्या हिशेबात चंद्राची खरी चाल घातली होती. तू तो बघून आंबा हुंगल्यासारखे डोळे मिटलेस. मग एकदम उघडलेस. "परवाना नाही!"

"कसला?"

"हा वापरा, वाटा, बदला, असं त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही."

"अरे, ठेवलाय ना उघड्यावर?"

"दुसऱ्याच्या झाडाचा आंबा खाली पडलेला असला तरी उचलायचा नाही."

तू तीन मेल पाठवलेस. उत्तर नाही. मग एका रविवारी दोन टक्कल पडलेले इसम माझ्या स्कूटरवरून, दोन खाड्या दोन फेरीबोटींनी ओलांडून, एका ओळीच्या सहीसाठी बुरोंडीला निघाले. वाटेत मी तुला विचारलं की आपण नक्की काय करतोय. तू मागून म्हणालास, "पॅकेजिंग."

मास्तर अंगणात जाळं विणत बसले होते. लुंगी, बनियन, नाकाच्या टोकाला चष्मा.

"कोण तुम्ही?"

"तुमच्या भरतीच्या प्रोग्रॅमसाठी आलोय."

"बिघडला काय?"

"नाही. उत्तम आहे."

"मग आलात कशाला?"

"परवानगी हवी होती. मेल पाठवले होते."

"त्याचा पासवर्ड मी इसरलो. दिली परवानगी. चहा घ्या."

"लेखी हवी."

मास्तरांनी सुई खाली ठेवली. "आमच्या बुरोंडीत तोंडच्या शब्दावर होड्या विकतात. माझ्या तोंडाला किंमत नाय?"

मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. तू मात्र अंगणात मांडी घालून त्यांच्यासमोर बसलास. चहा आला, गेला. शेवटी मास्तरांनी वही मागवली आणि सुंदर अक्षरात लिहिलं : हा प्रोग्रॅम कोणीही वापरावा, वाटावा, बदलावा. मात्र दारू पिऊन होडीत बसणाऱ्याने वापरू नये.

तुझा चेहरा पडला. "मास्तर, शेवटचं वाक्य काढावं लागेल."

"का? खोटं हाय?"

"खरं आहे. पण ती अट आहे. कोणी वापरायचं नाही हे आपण ठरवलं, की पेटी मोकळी राहत नाही. आमच्याकडे घेत नाहीत."

"म्हणजे पिऊन बसणाऱ्यालासुदीक मोकळीक?"

"हो."

"माझा धाकटा भाऊ तसाच गेला," मास्तर म्हणाले. "उधाणाला. वेळ चुकवून."

माडाच्या सावल्या जाळ्यावर हलत होत्या. मी तुझ्या गुडघ्याला कोपराने ढोसलं, ऊठ म्हणून. तू उठला नाहीस. खाली बघतच म्हणालास, "मास्तर, मग पिऊन बसलेल्याला तर भरतीची वेळ सगळ्यांच्या आधी कळायला हवी."

मास्तरांनी जाळं बाजूला सारलं. मग त्यांनी वही ओढली, ती ओळ खोडली आणि विचारलं, "विनंती लिवू? विनंती चालते?"

"विनंती चालते," तू म्हणालास. तुझा आवाज तेव्हा मला ओळखू आला नाही.

परतताना दुपारच्या उन्हात दाभोळची खाडी वितळलेल्या काचेसारखी पडली होती. फेरीबोट चालली आहे की किनारेच सरकताहेत, ते कळत नव्हतं. तू रेलिंगला टेकून डोळे मिटले होतेस, वही शर्टाच्या आत, पोटाशी. मला डुलकी लागली आणि त्या डुलकीत दिसलं की भरतीबरोबर खाडीतून पेट्या येताहेत, शेकडो, लाकडी, पेंढा बाहेर डोकावणाऱ्या, एकमेकींना हलके टेकत, आणि प्रत्येकीवर कोणाचं तरी नाव. त्या कोणाच्या दारात जाऊन लागणार हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. मी जागा झालो तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास. "घोरत होतास," म्हणालास. मी म्हटलं, "तुझ्या पेट्या मोजत होतो." त्यावर आपण तावसाळपर्यंत भांडलो. मी मास्तरांच्या बाजूचा, तू मोकळ्या पेटीच्या बाजूचा. ते भांडण आठ वर्षं चाललं आणि तू मध्येच उठून गेलास. मधू, मी अजून मास्तरांच्याच बाजूचा आहे. ये आणि पटवून दे.

आता कबुलीजबाब. पेटीला नाव हवं होतं. 'भरती' हे नाव दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतलं होतं. मी सुचवलं, "भांग ठेव." अष्टमीच्या सुमाराला पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, समुद्र अर्ध्या झोपेत असल्यासारखा वागतो, त्याला आपल्याकडे भांग म्हणतात. उधाणाचा उलटा शब्द. तुला इतका आवडला! "अस्सल आपला शब्द," म्हणालास. मी मान डोलावली आणि काउंटरखाली टोनर शोधायच्या निमित्ताने वाकलो, कारण मला हसू आवरत नव्हतं. बाहेरच्या जगात त्या शब्दाचा अर्थ काय होतो, हे मला चांगलं माहीत होतं. तुला नव्हतं. रंगपंचमीलासुद्धा तू ताक पिणारा माणूस.

नव्या पेट्या तपासणाऱ्या मंडळींचं पत्र आलं. सभ्य होतं. तुमच्या प्रोग्रॅमचं नाव एका अमली पेयाचं आहे, त्याचा विषय समुद्रमार्गे ये-जा करण्याची वेळ हा आहे, आणि सोबतच्या कागदात दारू पिऊन होडीत बसू नये अशी विनंती आहे. तर हे सॉफ्टवेअर नक्की कशाची वाहतूक करतं, ते कृपया कळवावं.

तू तीन पानी उत्तर लिहिलंस. चंद्र काढलास, पृथ्वी काढलीस, मध्ये मांडवीचा धक्का काढलास. पेटी दोन महिने अडकली. तू रोज संध्याकाळी म्हणायचास, "चूक माझी. मी आधी खुलासा करायला हवा होता." आणि मी रोज म्हणायचो, "असू दे रे, परदेशी माणसं, त्यांना काय कळतं." आठ वर्षांत तुला खरं सांगितलं नाही. शंभरदा ओठांवर आलं. पण तू इतक्या गंभीरपणे अपराधी दिसायचास की खोड उघडी करायची लाज वाटायची.

तुझ्याबरोबर बसून बसून मलाही पेटी भरता यायला लागली. पहिल्या खेपेला मी आत कौतुकाने तारीख आणि वेळ घातली, रत्नागिरी मुक्कामी अमुक वाजता बांधली म्हणून. तू भडकलास. "आज बांधलेली आणि उद्या बांधलेली पेटी हुबेहूब हवी. तू बांध, मी बांधेन, तो बर्फातला माणूस बांधेल, शेवटच्या अक्षरापर्यंत तीच निघाली पाहिजे. तरच लोकांना कळतं की मध्ये कोणी हात मारलेला नाही."

"आणि आपण मेल्यावर कोणी बांधली तर?"

"तरी तीच."

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भावजी, त्यांच्या कॉम्प्युटरवर अजून पत्रं येतायत. मला बंद करता येत नाय."

दुपारी गेलो. तुझ्या खुर्चीवरची उशी तशीच खोल बसलेली. मी तिच्या कडेला टेकलो, मधोमध बसवेना. पत्र 'भांग'बद्दल होतं. खळ्यातला पेंढा बदलला होता. पंचांगाच्या ज्या लायब्ररीवर मास्तरांचा प्रोग्रॅम टेकलेला, तिची नवी आवृत्ती आली होती आणि पेटी आता भरली जात नव्हती. राखणदार उत्तर देत नाही. चौदा दिवसांत कोणी पुढे आलं नाही तर पेटी पोरकी ठरवून लिनक्सच्या नव्या आवृत्तीतून काढली जाईल. चौदातले नऊ गेले होते.

मला बुरोंडीच्या मच्छीमार सोसायटीतलं, 'भांग' चालवणारं जुनं यंत्र आठवलं. मास्तरांना आता नीट दिसत नाही, दुरुस्ती त्यांच्याने होणार नाही. भिंतीवरचा भरतीच्या वेळांचा कागद रोज सकाळी त्या यंत्रातून निघतो आणि होडीवाले तो बघून जातात. यंत्र नवी आवृत्ती घेईल, पेटी तिच्यात नसेल, आणि एका सकाळी भिंत कोरी असेल. पिऊन आलेल्यालाही कोरी.

आधी मी तुझी शेवटची आवृत्ती जशीच्या तशी बांधून बघितली, तुझ्याच यंत्रावर, जुन्या पेंढ्यात. हात सुटावा म्हणून. झाल्यावर पेटीचा ठसा काढला, आकड्या-अक्षरांची ती लांबलचक माळ, आणि तुझ्या पेटीच्या ठशाशेजारी धरली. एकेक अक्षर बोटाने तपासत गेलो. शेवटपर्यंत एकच. तू मेल्यावर बांधली, तरी तीच निघाली. खिडकीबाहेर कोणाची तरी कोंबडी ओरडत होती आणि मी, नमनात चारशे माणसांपुढे न लाजणारा, पडद्यावरच्या आकड्यांना हात लावून बसलो होतो.

मग बदलांची वही उघडली. प्रत्येक आवृत्तीत काय बदललं ते राखणदाराने लिहायचं असतं. नवी नोंद वर चढते, जुन्या खाली राहतात, त्या कोणी पुसत नाही. मी खाली खाली उतरत गेलो. तुझी कोरडी वाक्यं. अमुक दुरुस्त केलं. तमुक काढलं. पार तळाशी, दुसऱ्या आवृत्तीच्या नोंदीत, तुझ्या शाळकरी इंग्रजीत एक ओळ होती. आपल्या भाषेत ती अशी : नाव बदललेले नाही. ज्याने सुचवले त्याला वाटते की मला कळले नाही. शब्द चांगला आहे.

मेल्या! आठ वर्षं! ते दोन महिने रोज संध्याकाळी 'चूक माझी' म्हणत माझ्या काउंटरवर तोंड पाडून बसायचास, आणि मी आत अपराधाने विरघळायचो, आणि ते सगळं नाटक होतं? माझ्यापुढे? जगातल्या कोणालाही वाचता येईल अशा जागी लिहून ठेवलंस आणि मला तेवढं उघडून बघायची बुद्धी झाली नाही. संकासूर मी नव्हेच. काळा झगा घालून मी फक्त नाचत होतो.

मी एकटाच इतक्या मोठ्याने हसलो की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. हसत घरी यायचे."

दुरुस्ती एका ओळीची निघाली. पंचांगवाल्यांनी एका कामाचं नाव बदललं होतं, एवढंच. पेटी भरली गेली. पेटीवर सही ज्याच्या त्याच्या गुप्त संगणकी किल्लीने होते; तुझी किल्ली मी वापरायची नसते, वापरलीही नाही; दुसऱ्या एका जाणत्या माणसाकडे काम तपासायला पाठवायचं ठरलं. सगळं तयार होतं. राहिली होती फक्त एक जागा. 'राखणदार' या शब्दापुढे तुझं नाव होतं. ते खोडून माझं घालायचं होतं.

मधू, ते माझ्याने होईना. भर दुपारचं ऊन उतरून माडांच्या शेंड्यांवर गेलं. वहिनी कोकमाचं सरबत ठेवून गेल्या, त्यातला बर्फ विरघळला. मी तुझ्या नावाच्या शेवटच्या अक्षरामागे ती लुकलुकणारी रेघ नेऊन ठेवायचो आणि परत आणायचो, तिचंही जणू भरती-ओहोटीचं काम चाललं होतं. आता वहिनींना सांगायला हवं, असं वाटलं. मनातल्या मनात भाषण बसवलं. वहिनी, जुन्या नोंदींत मधू कायम राहणारच आहे, कोणी पुसू शकत नाही, ही केवळ तांत्रिक बाब आहे, मी स्वतःला त्याच्या जागी समजत नाही, वगैरे. घसा साफ केला. उभा राहिलो. त्या दारात आल्या तेव्हा त्यातलं एकही वाक्य मला आठवेना, मी नुसतंच पडद्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "वहिनी, इथून मधूचं नाव काढावं लागतंय."

त्यांनी पदराला हात पुसले. जवळ येऊन ते नाव वाचलं, हळूहळू, जसं दारावरची पाटी पहिल्यांदा वाचावी तसं. मला वाटलं आता रडतील, आणि मीही रडायला मोकळा होईन. तेवढ्यात तुझा मोबाइल फळीवर टुणकन वाजला. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं :

"काढा हो आधी त्यांचं नाव, भावजी! नायतर लोक तिथेसुद्धा त्यांना जेवणावरून उठवतील!"